वकिली आवरताना: हळूहळू थांबायचं की ऑफिस सोपवायचं?

इंदूरमधले ज्येष्ठ वकील थांबायचं म्हणतात तेव्हा बहुतेकांसमोर दोनच वाटा असतात. नवी कामं न घेता जुनी संपेपर्यंत चालवायची, नाहीतर ऑफिस ज्युनिअरकडे, म्हणजे बहुधा मुलाकडे किंवा सुनेकडे, द्यायचं.

पहिली वाट सोपी दिसते. पण दिवाणी दावा आपल्या सोयीनं संपत नाही. जिल्हा न्यायाधीशांच्या हुकूमनाम्यावर उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात अपील, मुदत 90 दिवस, आणि पक्षकार पुन्हा तुमच्याच दारात. मध्येच तब्येत बिघडली, पेशी म्हणजे सुनावणीची तारीख चुकली, तर दावा गैरहजेरीत निकाली निघतो. तो परत उभा करण्याच्या अर्जाला 30 दिवसांची मुदत, आणि पक्षकाराला तोवर पत्ताच नसतो. नोटिसा, करारनामे, जामीन एवढंच काम असेल तर ही वाट ठीक.

सोपवण्यात कागदपत्रांचा व्याप जास्त आहे. वकीलपत्र, म्हणजे पक्षकारानं आपल्या वतीनं कोर्टात उभं राहायला दिलेला लेखी अधिकार, ऑफिसच्या नव्हे, वकिलाच्या नावावर असतं. त्यात ज्युनिअरचं नाव आधीपासून असेल तर निम्मं काम झालेलंच. नसेल तर पक्षकाराच्या सहीचं नवं वकीलपत्र, तुमची नाहरकत, आणि तुम्हाला बाहेर पडायला कोर्टाची परवानगी. दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार वकील वारले की त्यांचं वकीलपत्रही संपतं, त्यामुळे हे सगळं हिंडतंफिरतं असतानाच उरकावं. पक्षकाराला दुसरा वकील हवा असेल तर फाइल द्यावीच लागते. फी थकली म्हणून कागद अडवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं 2000 साली मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं.

पैशांवरून घरात वाद होतात ते वेगळेच. आगाऊ घेतलेल्या फीपैकी न केलेल्या कामाची रक्कम परत द्यायची असते. जागा, कपाटं, पुस्तकं विकता येतात. पक्षकार विकता येत नाहीत. वकील नसलेल्या मुलाला पुढच्या फीत वाटा देण्याचा करार बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही.

दिवाणी कामं बरीच असतील तर आमचा कौल सोपवण्याकडे, पण बेतानं: आजपासून प्रत्येक वकीलपत्रावर दोन नावं, आणि वर्षभर पेशीला दोघांनी जायचं. प्रत्येक पक्षकाराला पत्रानं प्रकरण क्रमांक, पुढची तारीख, मुदती आणि फीचा हिशेब कळवावा. ई-फायलिंगला जोडलेला मोबाइल क्रमांक वेळीच बदलावा. मूळ खरेदीखतं आणि मृत्युपत्रं मात्र मुन्शीच्या, म्हणजे ऑफिसातल्या कारकुनाच्या, भरवशावर सोडू नयेत, स्वतः यादी करून, पोच घेऊन ज्याची त्याला द्यावीत.