सीतादहीपासून मृगापर्यंत: ऑफिसातून निघालेल्या मिनी पीसीचा खेड्यातला अनुभव

कंपन्यांच्या ऑफिसांतून तीन-पाच वर्षांनी निघालेले मिनी पीसी आता नागपूर-अमरावतीच्या दुकानांत सर्रास मिळतात. साधारण १८ सेंमी चौरस, साडेतीन सेंमी जाड. इथला अनुभव इंटेलचा आय५-८५००टी प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडीचा (हार्ड डिस्कच्या जागी येणारी चिपवरची साठवण). ठिकाण यवतमाळ जिल्ह्यातलं खेडं. काम म्हणजे पोरांचा अभ्यास, महाडीबीटीचे फॉर्म, सातबाऱ्याच्या प्रिंट, हिशेब, संध्याकाळी यूट्यूब.

एवढ्या कामाला या प्रोसेसरचे सहा कोर पुरून उरतात. १९८१ मधल्या पहिल्या आयबीएम पीसीचं सर्वांत स्वस्त मॉडेल १,५६५ डॉलरला होतं, मेमरी १६ केबी, फ्लॉपी ड्राइव्हसुद्धा नाही. १६ केबी ते १६ जीबी म्हणजे १०,४८,५७६ पट. आणि ते डॉलर महागाई न धरता आजच्या भावानं रुपयांत केले तरी लाखाच्या वर जातात.

रोज हाताला जाणवतो तो मात्र प्रोसेसर नाही, एसएसडी. ७,२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कची तबकडी एका फेरीला ८.३ मिलिसेकंद घेते. त्यात हेड सरकायचा वेळ धरला की सेकंदाला विखुरलेले शंभरेक तुकडेही वाचून होत नाहीत, आणि विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे लागतात. एसएसडीत फिरायलाच काही नाही. घरात हार्ड डिस्कवाला जुना डेस्कटॉप धूळ खात असेल तर आधी त्यात साटा एसएसडी टाकून बघा. नवं घ्यायची गरज कदाचित उरणार नाही.

घ्यायचाच असेल तर इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची घ्या. विंडोज ११ त्याच्या खाली अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानातच बायोस (विंडोजच्या आधी येणारी पीसीची सेटिंग) उघडून पाहा. जुन्या ऑफिसचा पासवर्ड राहिलेला असेल तर डबा परत करा. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये एसएसडीची हेल्थ बघा. रॅम एकच १६ ची कांडी नको, ८-८ च्या दोन हव्यात, कारण ग्राफिक्स याच मेमरीवर चालतं आणि दोन चॅनेलमुळे ते मोकळं होतं. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, तेव्हा 'नंतर वाढवू' हा हिशेब आता जमत नाही. दुकानदार आय७ गळ्यात मारतो. त्या फरकाच्या पैशात यूपीएस येतो.

गावात पीसीचा खरा कस विजेवर लागतो. पंप सुरू झाले की व्होल्टेज १६० वर उतरतं. जुन्या टॉवर डेस्कटॉपच्या एसएमपीएसला (आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याला) साधारण १८० च्या वर लागायचे, म्हणून तो मधेच रीस्टार्ट व्हायचा. मिनीच्या अडॅप्टरवर १०० ते २४० छापलेलं असतं. त्याला या उतरण्याचं काही वाटत नाही. मॉनिटरसकट साध्या कामाला ३० वॅटच्या आसपास लागतात, म्हणजे रोज सहा तास धरले तर महिन्याला साडेपाच युनिट. घरचा इन्व्हर्टर 'यूपीएस' मोडवर ठेवला तर १८० च्या खाली तो बॅटरीवर जातो आणि लोडशेडिंगच्या वेळी नेमका रिकामा असतो. 'नॉर्मल' मोड ठेवा, पीसीला ६०० व्हीएचा छोटा यूपीएस वेगळा द्या. पण घेण्याआधी तो तुमच्या इन्व्हर्टरवर लावून बघा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे चौकोनी लहरीची वीज देणारा असेल तर काही यूपीएस ती वीज मानतच नाहीत, बीप करत बसतात.

अडॅप्टर हरवला तर पिन बसते म्हणून कोणताही लावू नका. काही ब्रँड मधल्या बारीक पिनवरून अडॅप्टर ओळखतात. ओळख पटली नाही की प्रोसेसरचा वेग ८०० मेगाहर्ट्झच्या आसपास बांधून ठेवतात. पीसी चालू, पण गोगलगाय.

मग कापूस. सीतादहीनंतर, म्हणजे पहिल्या वेचणीच्या पूजेनंतर, घरात ढीग लागतो आणि तंतू थेट पंख्यात. हीटसिंकच्या पात्यांवर नमद्यासारखा थर बसतो, पंखा ओरडायला लागतो. वायर काढा, मागचा स्क्रू सोडून झाकण सरकवा, पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, मगच ब्रश किंवा ब्लोअर मारा. मोकळा पंखा ब्लोअरनं भन्नाट फिरला की बेअरिंग जातं. जुन्या डब्यात थर्मल पेस्ट वाळलेली असतेच, ती उन्हाळ्याआधी बदला. आणि मे महिन्यात पीसी कूलरच्या झोतात कधीच ठेवू नका. माणसाला गारवा बरा वाटतो, पण वाळ्याच्या ताटीतून येणारे क्षाराचे शिंतोडे बोर्डावर पांढरे डाग पाडतात आणि पोर्ट गंजतात.

मृगाच्या विजांत गच्चीवरच्या वायफाय रेडिओवरून आलेली तांब्याची लॅन केबल आधी काढायची, नंतर प्लग. फायबरचा प्रश्न नाही.

एखाद्या दिवशी सगळ्याच सरकारी साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणायला लागल्या तर नेटवाल्याला फोन करण्याआधी कोपऱ्यातली तारीख बघा. सीएमओएसचा सेल (बोर्डावरचा, पीसीचं घड्याळ चालवणारा) संपला की घड्याळ मागं जातं आणि साइटचं प्रमाणपत्र जुळत नाही. सीआर२०३२, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. काही डब्यांत तो वायर जोडलेला असतो, तेव्हा जुना काढून सोबत न्या.