चर्चिल, कॅनडा: पोलर बेअरच्या सीझनच्या मागे लागू नका, जुलैत जा

चर्चिल म्हटलं की सगळ्यांना पोलर बेअर आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर एवढंच माहीत असतं. आम्ही दादरला ज्या ट्रॅव्हलवाल्याकडे चौकशी केली त्यानेही तेच पॅकेज पुढे सरकवलं, आकडा ऐकून नवरा गप्पच झाला, आणि जुलैचं विचारलं तर म्हणे "तेव्हा काही नसतं हो तिथं". काही नसतं काय! हजारो बेलुगा व्हेल असतात नदीच्या मुखाशी. शेवटी सगळं बुकिंग आम्हीच केलं आणि सासूबाईंना पण सोबत नेलं.

आधी पोचायचं कसं ते सांगते कारण तिथंच निम्मी माणसं गळतात. चर्चिलला रस्ताच नाही. विनिपेगपर्यंत विमान, तिथून पुढे एकतर छोटं विमान नाहीतर आठवड्यातून दोनदा सुटणारी ट्रेन, जी सतराशे किलोमीटरला जवळजवळ दोन दिवस घेते, कारण खालची जमीन गोठलेली आणि दलदलीची, गाडी पळवताच येत नाही. 2017 च्या पुरात रूळच वाहून गेले होते आणि गाडी परत सुरू व्हायला वर्षाच्या वर लागलं. कोकण रेल्वेत बसून वैतागणाऱ्यांनी सरळ विमानच घ्यावं. गाव म्हणाल तर जेमतेम नऊशे वस्तीचं, आपल्याकडच्या एका टॉवरमध्ये जास्त लोक राहतात.

आता बेलुगा. उन्हाळ्यात हडसन बेचा, म्हणजे चर्चिलसमोरच्या उपसागराचा, बर्फ फुटला की हे चर्चिल नदीच्या मुखात येतात, पाणी जरा कोमट असतं, तिथं जुनी कातडी घासून काढतात, पिल्लं सोबत असतात. मोठे पांढरेशुभ्र आणि पिल्लं राखाडी, आईच्या अंगाला चिकटून पोहत असतात. आम्ही झोडियाक म्हणजे रबरी बोट घेतली होती. गाइडने इंजिन बंद केलं आणि पाण्यात माइक सोडला, स्पीकरमधून जे काय ऐकू यायला लागलं ना, शिट्ट्या, टकटक, किरकिर, जुन्या रेडिओवर स्टेशन शोधताना यायचं तसं. एक तर अगदी बोटीला लागून आला, अंगावर कलंडला आणि मान वळवून चक्क वर बघायला लागला (यांच्या मानेची हाडं जुळलेली नसतात म्हणून मान वळते, बाकी बहुतेक व्हेलना हे जमत नाही). श्वास सोडला तर तुषार थेट सासूबाईंच्या चष्म्यावर. एरवी देवळातसुद्धा गर्दी झाली की कुरकुर करणारी बाई, तिथं "अगं बाई, अगं बाई" एवढंच चाललं होतं. पैसे इथं वसूल.

नदीपलीकडचा प्रिन्स ऑफ वेल्स फोर्ट पण कराच. हडसन्स बे कंपनीने, म्हणजे फरचा व्यापार करणाऱ्या इंग्रज कंपनीने, 1731 पासून चाळीस वर्षं खपून बांधला, दगडी, चांदणीच्या आकाराचा, भिंतींवर तोफा, आणि 1782 मध्ये फ्रेंच जहाजं समोर आली तर एकही गोळी न झाडता देऊन टाकला. जंजिरा बघून मोठं झालेल्या माणसाला हे ऐकून हसू येणारच. तिथं फिरताना एक बंदूकधारी सोबत असतो अस्वलांसाठी, ते नाटक नाही, गावातसुद्धा लोक गाड्या लॉक करत नाहीत, अस्वल आलं तर कुणालाही पटकन आत शिरता यावं म्हणून.

गावाची बस टूर मात्र ठीकठाकच. अस्वलांचा "तुरुंग" लांबून बाहेरूनच दाखवतात, आत सोडतच नाहीत. गावात घुसलेल्या अस्वलाला तिथं कोंडतात, खायला देत नाहीत, म्हणजे माणसांजवळ खाणं मिळतं ही सवय लागायला नको, आणि मग लांब नेऊन सोडतात. माहिती भारी आहे पण ती इत्सानितॅक म्युझियममध्ये वेळ घालवूनही गप्पांत मिळते, आणि तिथली इनुइट (आर्क्टिकमधले मूळ रहिवासी) लोकांची हाडा-दगडातली कोरीव कामं बसपेक्षा कितीतरी सरस.

अस्वल दिसतं का? जुलैत गॅरंटी नाही. बर्फ वितळला की ती किनाऱ्यावर येतात, आम्हाला बोटीतून खडकावर पसरलेलं एक दिसलं, पण ओळीने अस्वलं हवी असतील तर नोव्हेंबरच, तेव्हा ती बे गोठायची वाट बघत जमतात, सील पकडायला बर्फ लागतो त्यांना. नॉर्दर्न लाइट्सपण जुलैत विसरा, रात्र धड काळोखी होतच नाही.

वैताग दोनच. एक डास, आपल्या डासांची सवय आहे म्हणून हसू नका, तोंडावरून घ्यायची जाळी नेच. दुसरं खाणं, शाकाहारींना फ्राइज आणि सूपवर दिवस काढायची तयारी हवी, दुकानात भाजी महाग कारण सगळं ट्रेन नाहीतर विमानाने येतं. थेपले आणि उपम्याची पाकिटं कामी आली, फक्त कस्टम्सला खाण्याचं डिक्लेअर करा.

गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी झोडियाक घेऊ नका, बसायला काठच असतो आणि लाट आली की हाडं खिळखिळी होतात, मोठी बोटपण मिळते, माइक तिच्यावरही असतो का ते बुकिंग करतानाच विचारून घ्या. आणि वेळ भरतीची मागा.