घर कुठे, पैसा कुठे आणि पाणी कुठून : पुण्यातील एका आर्थिक नियोजन सेवेचे परीक्षण

सेबीकडे नोंदणी असलेल्या आणि केवळ शुल्क आकारणाऱ्या एका गुंतवणूक सल्लागाराकडून आम्ही गेल्या वर्षी दीर्घकालीन आर्थिक नियोजन करून घेतले. नवी पेठेतील छोटेसे कार्यालय, स्वतः सल्लागार आणि त्यांच्या हाताखाली दोन तरुण सहकारी, एवढाच त्या सेवेचा पसारा आहे. काही तक्रारीही लिहायच्या असल्यामुळे नाव देत नाही. पहिल्या वर्षाचे शुल्क २५,००० रुपये, त्यावर जीएसटी. दुसऱ्या वर्षापासून केवळ आढाव्यासाठी त्याहून कमी.

आम्ही दोघे पंचेचाळिशीत, मुलगी अकरावीत आणि मुक्काम वारज्यात, भाड्याच्या घरात. निवृत्तीसाठी दरमहा किती बाजूला ठेवावे, एवढेच विचारायचे असते तर कोणत्याही संकेतस्थळावरील गणकयंत्राने काम भागले असते. आमची अडचण अशी होती की, वाघोलीत नव्या इमारतीतील ७० लाखांचा फ्लॅट घ्यावा की कोथरूडमधील तीस वर्षे जुन्या सोसायटीतील १ कोटी १० लाखांचा, हा निर्णय आणि बचतीचा निर्णय एकमेकांत गुंतलेले होते. आणि त्या दोन्हींच्या मुळाशी पाण्याचा प्रश्न होता, ज्याविषयी बँकेतला कर्ज अधिकारी, बिल्डरचा विक्री प्रतिनिधी आणि विम्याचे काम पाहणारे आमचे नातेवाईक यांपैकी कोणीही धड बोलायला तयार नव्हते.

या सेवेचे पहिले वेगळेपण तिथेच दिसले. पहिल्या भेटीआधी भरून द्यायच्या प्रश्नावलीत उत्पन्न, हप्ते, विमा, पीएफ वगैरे नेहमीच्या रकान्यांबरोबर घराच्या खर्चात ‘पाणी’ अशी स्वतंत्र ओळ होती आणि तिच्याखाली महापालिकेचे पाणी, बोअरवेल, टँकर, शुद्धीकरण असे चार उपविभाग. बिल्डरच्या माहितीपत्रकात जलतरण तलावाचे पानभर चित्र असते. पाण्याचा स्रोत मात्र कुठेही लिहिलेला नसतो. त्या पार्श्वभूमीवर ही एक ओळसुद्धा मोलाची वाटली.

पुण्याच्या पाण्याची परिस्थिती सल्लागारांनी थोडक्यात पण नीट मांडली. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची एकत्रित उपयुक्त साठवण क्षमता सुमारे २९.१५ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर, त्यामुळे आकडा ऐकायला प्रचंड वाटतो. पण याच पाण्यावर कालव्याने दौंड आणि इंदापूरची शेतीही अवलंबून आहे. शहर मात्र वाढतच चालले आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे महापालिकेत आली. त्यांतील उरुळी देवाची आणि फुरसुंगी पुढे वेगळी झाली, तरी बाकीच्या गावांत इमारती आधी आणि जलवाहिन्या नंतर, असाच क्रम राहिला. वाघोली त्या २३ गावांपैकी एक. शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्ये पवना धरण भरलेले असतानाही नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणीपुरवठा सुरू आहे, हे उदाहरणही त्यांनी दिले. धरणात पाणी असणे आणि ते आपल्या टाकीत पडणे यांत मोठे अंतर आहे, हे त्यामुळे पटले.

अहवालातील सर्वांत उपयुक्त भाग म्हणजे टँकरच्या खर्चाचा हिशेब, आणि तो तपशिलाने सांगण्याजोगा आहे. शंभर सदनिकांची सोसायटी, घरटी चार माणसे आणि माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण धरले, तर रोज ५४,००० लिटर पाणी लागते. त्यातले ५०,००० लिटर बाहेरून आणावे लागले, तर दहा हजार लिटरचे पाच टँकर होतात. एका टँकरला १,२०० रुपये धरले, तर महिन्याला १ लाख ८० हजार, म्हणजे प्रत्येक सदनिकेवर १,८०० रुपये. हा खर्च दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढत गेला, तर तीस वर्षांत एका कुटुंबाचे सुमारे १७ लाख रुपये पाण्यात जातात. परंतु सल्लागार या धडकी भरवणाऱ्या आकड्यावर थांबले नाहीत. ८ टक्के परताव्याने ही सारी देणी भागवायची असतील, तर आज किती रक्कम वेगळी काढावी लागेल, हे त्यांनी काढून दाखवले. ते उत्तर आले सुमारे ४ लाख ६० हजार.

या एका आकड्याने आमची चर्चाच बदलली. कोथरूड आणि वाघोलीतील घरांच्या किमतीत ४० लाखांचा फरक. टँकरचा बोजा त्याच्या जेमतेम अष्टमांश. म्हणजे निव्वळ पैशाच्या हिशेबाने ‘पाणी आहे म्हणून कोथरूड’ हे समर्थन टिकत नाही. तरीही सल्लागारांचा कल वाघोलीतील घर लगेच घेण्याकडे नव्हता आणि त्याचे कारण मला अधिक विचारपूर्वक वाटले. ते घर घेतले असते, तर आमच्या एकूण मालमत्तेचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग एकाच फ्लॅटमध्ये गेला असता. तो फ्लॅट पुढे विकताना येणारा प्रत्येक ग्राहक पाण्याविषयीच पहिला प्रश्न विचारणार. आणि त्याचे उत्तर आमच्या हातात नसून जलवाहिनी कधी येते, टँकरवाला किती भाव लावतो आणि बोअरवेल किती दिवस टिकते यांवर ठरणार. पाण्याच्या खर्चाची तरतूद करता येते. पाण्यामुळे अडकून पडलेल्या भांडवलाची सोय लावणे अवघड असते. “मॅडम, टँकरचे पैसे तुम्ही भरू शकाल, पण साठाव्या वर्षी हे घर विकून दुसरीकडे जायची वेळ आली तर काय, तो माझा प्रश्न आहे,” असे ते म्हणाले.

कर्जाचाही हिशेब त्यांनी याच दृष्टीने केला. ५६ लाखांचे कर्ज ८.५ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे ५५,१०० रुपये येतो आणि तो संपेपर्यंत आम्ही साठीला पोहोचतो. वीस वर्षांची मुदत घेतली तर निवृत्तीनंतरही हप्ते सुरूच. तसलाच फ्लॅट त्या भागात २२,००० रुपये भाड्याने मिळतो. शिवाय इमारत बांधकामाधीन असल्याने सात टक्के मुद्रांक शुल्क, पाच टक्के जीएसटी आणि ३०,००० रुपये नोंदणी शुल्क मिळून पावणेनऊ लाखांच्या आसपास रक्कम किमतीखेरीज खर्ची पडते. खरेदी एकट्या स्त्रीच्या नावावर केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हे त्यांनी आवर्जून सांगितले.

त्यांचा सल्ला असा होता की, ज्या सोसायटीत घर घ्यायचे मनात आहे तिथे, किंवा निदान तिच्या शेजारी, एक पूर्ण उन्हाळा धरून वर्षभर भाड्याने राहावे. आगाऊ भरण्यासाठी जमवलेली रक्कम मुदत ठेवीत ठेवावी. आणि हप्ता व भाडे यांच्यातील फरकाची रक्कम निर्देशांक फंडाच्या (शेअर निर्देशांकातील कंपन्यांतच पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडाच्या) थेट, म्हणजे दलालाविना घ्यायच्या, योजनेत दरमहा गुंतवावी. पीपीएफ आहे तसा चालू ठेवायचा, कारण अहवाल तयार झाला तेव्हा त्याचा व्याजदर ७.१ टक्के होता आणि पंधरा वर्षांची मुदत संपल्यावर पाच-पाच वर्षांनी वाढवण्याची सोय आमच्या वयाला सोयीची पडते. जुन्या दोन एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र असलेल्या) पॉलिसींपैकी एक पेड-अप करून टाकावी, म्हणजे तिचे पुढचे हप्ते थांबवावेत, हेही त्यांनी सुचवले. यातले काहीही विकून त्यांना दलाली मिळणार नव्हती, त्यामुळे सल्ल्यावर विश्वास ठेवणे सोपे गेले. बँकेत गेल्यावर मुदत ठेवीचे नूतनीकरण सांगितले, तर समोरचा माणूस युलिपचे, म्हणजे बाजाराशी जोडलेल्या विमा योजनेचे, पत्रक पुढे करतो, हा अनुभव पुण्यात कोणाला नाही?

भाड्याने राहण्यापूर्वी काय तपासावे याची त्यांनी दिलेली यादी मात्र खरोखर कामाची आहे : सोसायटीच्या देखभाल शुल्काची मागील दोन वर्षांची देयके, वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त, टँकर पुरवठादाराचा खातेउतारा, आणि महापालिकेचे पाणी येईपर्यंत स्वखर्चाने पाणी पुरवण्याचे जे हमीपत्र बिल्डर देतो त्याची प्रत. त्या यादीच्या आधारे आम्ही वाघोलीतील एका सोसायटीच्या कार्यालयात गेलो. सचिवांनी टँकरची नोंदवही पुढे ठेवली. फेब्रुवारीच्या पानांवर दिवसाला दोन-तीन नोंदी, मे महिन्यात पान भरून समासातही लिहिलेले. गाडीचा क्रमांक, वेळ, सही आणि काही ठिकाणी लाल शाईत ‘कमी भरला’ असा शेरा. आम्ही असतानाच एक टँकर आला, तेव्हा सुरक्षारक्षक आधी शिडीने वर चढला, झाकण उघडून पातळी पाहिली आणि मगच त्याने जमिनीखालच्या टाकीत पाइप सोडू दिला. तिथल्या बोअरवेलविषयी विचारल्यावर सचिव म्हणाले की, तीनपैकी एकच चालते, तीही दिवाळीपर्यंत. आपल्याकडचा काळा पाषाण पाणी धरून ठेवतो तो केवळ भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरात. त्यामुळे अधिक खोल खणले म्हणजे अधिक पाणी, हा हिशेब इथे चालत नाही.

आता उणिवा. पहिली अशी की, टँकरच्या दरवाढीसाठी सल्लागारांनी सर्वसाधारण महागाईचाच ६ टक्के दर धरला. उन्हाळ्यात टँकरचे भाव कसे चढतात हे पाहणाऱ्या कोणालाही तो कमी वाटेल. आमच्या सांगण्यावरून त्यांनी ९ टक्के धरून हिशेब पुन्हा केला. तीस वर्षांचा एकूण खर्च २९ लाखांवर आणि आज बाजूला काढायची रक्कम ६ लाख ९० हजारांच्या घरात गेली. निष्कर्ष बदलला नाही, परंतु हा पर्याय मुळातच अहवालात असायला हवा होता, आणि सुधारित प्रत मिळण्यासाठी वारंवार आठवण करून द्यावी लागली, ते खटकले.

दुसरी उणीव गंभीर आहे. अहवालात पाण्याच्या प्रमाणाचा विचार आहे. त्याच्या शुद्धतेचा जवळजवळ नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या परिसरात गिया-बारे सिंड्रोम (जीबीएस) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण आढळले आणि विहिरीच्या व टँकरच्या पाण्याच्या तपासणीचा प्रश्न ऐरणीवर आला, ही घटना नियोजनाच्या वेळी ताजी होती. शुद्धीकरण यंत्र, बोअरच्या जड पाण्यासाठी सॉफ्टनर, क्षार साचून बिघडणारे गीझर आणि आरोग्य विम्याची वाढीव रक्कम यांचा खर्च ‘शुद्धीकरण’ या रकान्यात एका ठोक आकड्यात उरकला होता. प्रश्नावलीत स्वतंत्र उपविभाग ठेवणाऱ्यांकडून ही अपेक्षा नव्हती.

तिसरे म्हणजे कोथरूडच्या पर्यायाकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. तिथेही ‘गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा व कमी दाबाने’ ही सूचना सवयीची झाली आहे आणि जुन्या सोसायटीचा पुनर्विकास झाला की, सोळा सदनिकांच्या जागी चाळीस येतात, पण जलवाहिनीची जोडणी त्या प्रमाणात वाढेलच असे नाही. पुनर्विकासाच्या काळातील भाडे, वाढीव क्षेत्र आणि पाणी यांचा एकत्रित हिशेब मागितल्यावर आम्हाला दोन परिच्छेद मिळाले. निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील सासरच्या गावी जाण्याचा यजमानांचा विचार तर ‘जीवनशैलीचा निर्णय’ म्हणून एका वाक्यात निकालात काढला. उरमोडी आणि जिहे-कठापूर या सिंचन योजनांचे पाणी माण-खटावकडे वळल्यापासून तिकडचे चित्र काही प्रमाणात बदलते आहे. पर्जन्यछायेतील गाव म्हटल्याबरोबर फुली मारणे हे पुण्यात बसून केलेले नियोजन झाले. अहवाल इंग्रजीतच मिळतो, ही आणखी एक गैरसोय. घरातील ज्येष्ठांना तो वाचून दाखवताना मला प्रत्येक तक्ता समजावून सांगावा लागला.

या सगळ्यानंतर आम्ही वाघोलीतील नोंदणी केली नाही आणि कोथरूडचा फ्लॅटही घेतला नाही. मुलीची बारावी होईपर्यंत वारज्यातच राहायचे, गुंतवणूक सुचवल्याप्रमाणे सुरू करायची आणि त्यानंतर खराडी-वाघोली पट्ट्यात वर्षभर भाड्याने राहून पाहायचे, असे ठरले आहे. भामा आसखेड धरणाचे पाणी २०२१ पासून शहराच्या पूर्व भागाला मिळू लागले आहे. ते आमच्या पसंतीच्या गल्लीपर्यंत पोहोचते का, हे तोवर कळेल.

ज्यांचे घर आधीच झाले आहे आणि कर्जही फिटत आले आहे, त्यांनी या सेवेवर जीएसटी धरून साडेएकोणतीस हजार खर्च करण्याचे कारण मला दिसत नाही. पहिले घर घेण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या आणि उपनगरांतील किमती पाहून मोहात पडलेल्या कुटुंबांना मात्र हे शुल्क जड जाऊ नये. जाण्यापूर्वी मनातल्या सोसायटीची देखभाल देयके मिळवून ठेवावीत, टँकरची दरवाढ किती धरणार हे पहिल्याच भेटीत विचारावे, आणि पाण्याच्या शुद्धतेचा खर्च वेगळा मांडून द्यावा अशी लेखी मागणी करावी. पाच गुणांपैकी मी साडेतीन देईन.