दोरूची की बाइराडाची? ‘जुन्या वेलीं’च्या दोन पोर्तुगीज रेड वाईन

किंता दो क्रास्तो आणि लुईश पातो या पोर्तुगालमधील दोन कौटुंबिक वाईनरींच्या बाटल्यांवर ‘व्हिन्याश व्हेल्याश’, म्हणजे ‘जुन्या वेली’, असे शब्द आढळतात; त्यामुळे दोन्ही वाईन एकाच जातकुळीच्या असाव्यात, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात त्या इतक्या वेगळ्या आहेत की बाटली केव्हा उघडायची आणि सोबत काय वाढायचे, हे आधी ठरवल्याशिवाय निवड करू नये.

क्रास्तोचा मळा दोरू नदीच्या उजव्या तीरावर, रेग्वा आणि पिन्याओ या गावांच्या दरम्यान आहे. १९१० मध्ये तो ज्या कुटुंबाने घेतला, त्याच कुटुंबातील लिओनोर रोकेत आणि त्यांचे पती जॉर्ज यांनी १९८१ मध्ये त्याची सूत्रे हाती घेतली. येथील जमीन म्हणजे पाटीसारखा पापुद्र्या-पापुद्र्यांचा शिस्ट दगड, आणि उन्हाळा अतिशय कडक. जुन्या मळ्यांत एकाच तुकड्यात वीस-पंचवीसहून अधिक जातींच्या वेली मिसळून लावलेल्या आहेत, कारण एखादी जात एका हंगामात दगा देते तेव्हा दुसरी तगून राहते, हा पूर्वीच्या शेतकऱ्यांचा हिशेब होता. त्यामुळे ‘रिझर्व्हा’ या क्रास्तोच्या जुन्या वेलींच्या वाईनमध्ये कोणत्याही एका द्राक्षाची चव शोधू नये. पिकलेल्या काळ्या फळांचा दाट, भरदार स्वाद आणि ओकच्या पिंपातून आलेली मसाल्यांची छटा हेच तिचे रूप आहे. २००५ च्या हंगामाची रिझर्व्हा ‘वाईन स्पेक्टेटर’ या अमेरिकी मासिकाच्या २००८ च्या शंभर उत्तम वाईनच्या यादीत तिसरी आली होती.

पातो यांच्या बाइराडा प्रदेशात अटलांटिक जवळ आहे, माती चिकण आणि चुनखडीची आहे, आणि त्यांची जुन्या वेलींची रेड वाईन बागा या एकाच द्राक्षजातीची असते. बागा ही अवघड जात आहे: पिकायला उशीर, आणि घड तयार होत असतानाच समुद्रावरचा पाऊस आला की कूज धरते, ऐन तोडणीत अवकाळीने मणी तडकलेले पाहणाऱ्या नाशिक-तासगावच्या बागायतदारांना ही धास्ती वेगळी सांगावी लागणार नाही. पातो यांनी यावर काढलेला मार्ग मला फार मोलाचा वाटतो. ते घडांची विरळणी करतात, पण काढलेले आंबट घड फेकून न देता त्यांची फसफसणारी वाईन करतात, आणि वेलीवर राहिलेल्या मोजक्या घडांना पूर्ण पिकण्याइतके बळ मिळते. तरीही तरुण बागा कठोरच असते: आम्लता तीव्र, आणि पहिल्या घोटालाच हिरड्या कोरड्या करणारा तुरटपणा. आठ-दहा वर्षे अंधाऱ्या, थंड जागी राहिल्यावर मात्र तिचा तुरटपणा मवाळ होतो आणि चेरीच्या गंधाखाली ओल्या मातीचा, वाळक्या पानांचा वास उमटू लागतो. एवढी प्रतीक्षा करणे शक्य असेल, तर माझे मत निःसंशय बागाच्या बाजूने आहे.

जेवणाचा विचार केल्यास, झणझणीत तांबड्या रश्श्यासोबत दोन्ही टाळाव्यात, कारण तिखटामुळे मद्यार्काची जळजळ आणि तुरटपणा दोन्ही वाढतात. बेताच्या तिखटाच्या सुक्या मटणाला क्रास्तो शोभते. बाइराडात बागासोबत भाजलेले डुकराचे पिल्लू खातात, कारण चरबीला तिची आम्लता कापते. गोव्याचे विंदालू पोर्तुगीजांच्या वाईन-लसणात मुरवलेल्या मांसावरून आलेले असून त्यात व्हिनेगरचा आंबटपणा असतो. तो क्रास्तोला फिके पाडतो, बागाला नाही, मात्र मिरचीचा हात आखडता हवा.

या आठवड्यात पाहुणे येणार असतील आणि त्यांतील काही जण पहिल्यांदाच पोर्तुगीज वाईन चाखणार असतील, तर क्रास्तो घ्यावी. मुंबई-पुण्याच्या उकाड्यात ती खोलीच्या तापमानाला देऊ नये. अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवून साधारण १६ ते १८ अंशांवर आणावी. तरुण बागाच उघडायची झाली, तर ती जेवणाआधी दोन-तीन तास रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात ओतून ठेवावी, आणि बाटली जुनी असेल तर तळाचा गाळ हलू न देता सावकाश ओतावी.