गाडीच्या एसीसाठी गेज सेट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

निळा, लाल आणि पिवळा होज (नळी) असलेला, एसीतल्या गॅसचा दाब मोजणारा साधा ॲनालॉग मॅनिफोल्ड गेज सेट, सोबत एक डिजिटल प्रोब थर्मामीटर. आर-१३४ए गॅस असलेल्या दोन गाड्यांवर, हिवाळ्यापासून कडक उन्हाळा उलटेपर्यंतचा वापर. मत आधीच सांगतो: गॅस भरण्यासाठी हा सेट घेऊ नका. गॅस भरायची खरंच गरज आहे का, हे कळण्यासाठी घ्या.

एसी थंड करेना म्हटलं की बहुतेक ठिकाणी उत्तर एकच, गॅस संपला. पण एसीची यंत्रणा बंदिस्त असते, त्यात गॅस जळत नाही की खर्च होत नाही. होज आणि सीलमधून वर्षागणिक थोडा झिरपतो, तेवढंच. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर गळती आहे, आणि टॉप-अप करून गळती बुजत नाही.

आठ महिन्यांत जास्त काम थर्मामीटरनेच केलं. प्रोब मधल्या व्हेंटमध्ये खोचा, काचा बंद, रिसर्क्युलेशन चालू, तापमान सर्वांत कमी, इंजिन साधारण १५०० आरपीएमवर दहा मिनिटं. बाहेर ३५ अंश असताना व्हेंटवर ६ ते १० अंश मिळाले तर एसी ठणठणीत आहे. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत हाच आकडा दोन-चार अंशांनी जास्त येतो, कारण एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यातच जाते. तो बिघाड नव्हे.

आकडा चांगला असूनही गाडी गार होत नसेल, तर गॅसकडे बघूच नका. वारा कमी येतोय का ते पाहा. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो, पाच मिनिटांत निघतो, आणि धुळीच्या रस्त्यांवर १०,००० किलोमीटरच्या आतच भरून जातो. ब्लोअर फक्त सर्वांत वरच्या स्पीडवर चालत असेल तर त्याचा वेग कमी करणारा रेझिस्टर गेला. तासाभराने वारा मंदावतो आणि एसी दहा मिनिटं बंद ठेवला की पूर्ववत होतो, म्हणजे कूलिंग कॉइलवर बर्फ जमतोय. तिथला थर्मिस्टर (तापमानाचा सेन्सर) तपासून घ्यावा. पुढच्या सीटखाली पायाशी पाणी साचलं तर ड्रेन पाइप तुंबलाय.

सिग्नलला उभं राहिल्यावर एसी गरम आणि हायवेला गार, हे लक्षण तर गेज न जोडताही ओळखता येतं. एसी लावल्यावर कंडेन्सरचा (पुढच्या जाळीमागे असलेल्या, गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाचा) पंखा फिरतो का ते बॉनेट उघडून पाहा. पंखा फिरत असेल तर कंडेन्सरवरची माती कमी दाबाच्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरची धार लावली तर त्याच्या नाजूक पात्या दुमडतात.

आता गेज. निळा काटा कमी दाबाची बाजू दाखवतो, लाल जास्त दाबाची. इंजिन बंद असताना, रात्रभर उभ्या गाडीत ३० अंशांना दोन्ही काटे साधारण ९७ पीएसआयवर (दाबाचं एकक) येतात, २५ अंशांना ८२ च्या आसपास. इथेच अनेकांची फसगत होते. आत थोडासा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असला तरी काटा तिथेच थांबतो, त्यामुळे ९७ म्हणजे टाकी भरलेली असं नाही. मात्र ४०-५० दिसले तर द्रव उरलेलाच नाही, गॅस बराच गेलाय. दाब त्याहून खाली घसरला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसर लागूच देत नाही.

इंजिन चालू केल्यावर ३५ अंशांच्या दिवशी निळ्या बाजूला ३० ते ४५ आणि लाल बाजूला २०० ते २५० हे निरोगी आकडे. नागपूरच्या ४४ अंशांत लाल काटा ३०० च्या घरात गेला तर घाबरू नये. दोन्ही कमी असतील तर गॅस कमी. दोन्ही जास्त असतील तर आधी पंखा आणि कंडेन्सर, मग गॅस जास्त भरलाय का किंवा आत हवा शिरलीय का. निळा जास्त आणि लाल कमी असेल तर कॉम्प्रेसर दाबच धरत नाही. निळा जवळजवळ शून्यावर, तरी लाल कमी नाही, तर एक्स्पान्शन वॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारी झडप) तुंबलाय किंवा तिथे ओलाव्याचा बर्फ धरतोय. काटे दोन-तीन वेळा स्थिरावू द्या, मगच मत बनवा.

सेटच्या उणिवाही आहेत. काही महिन्यांत निळा काटा शून्यावरून सरकला. तबकडीवरच्या छोट्या स्क्रूने तो जागेवर आणावा लागतो. होजच्या टोकाच्या कपलरचे ओ-रिंग (रबरी कड्या) सुकतात, थोडं एसीचं तेल लावून ठेवलं तर टिकतात. प्रत्येक जोडणीत होजमध्ये भरलेला गॅस थोडा वाया जातो, म्हणून कुतूहलापोटी दर महिन्याला जोडू नका. आणि सर्वांत मोठी मर्यादा: आत किती ग्रॅम गॅस आहे हे गेज सांगत नाही. छोट्या हॅचबॅकमध्ये जेमतेम ३५० ते ५०० ग्रॅम बसतो. नेमका आकडा बॉनेटखालच्या लेबलवर असतो, आणि तो वजनकाट्यावरच भरायचा असतो.

हातमोजे आणि चष्मा हवाच, कारण द्रव गॅस उणे २६ अंशांना उकळतो आणि कातडी गोठवतो. गॅसचा कॅन जोडलेला असताना, इंजिन चालू ठेवून लाल व्हॉल्व्ह कधीही उघडू नका; उलटा दाब येऊन कॅन फुटू शकतो.

मेकॅनिककडे केव्हा? गळती, कॉम्प्रेसरचा खडखडाट किंवा कॉइल बदलायची वेळ आली की लगेच. यंत्रणा उघडणार असाल तर तीन गोष्टी मागा: नायट्रोजनने गळतीची तपासणी, नवा ड्रायर (आतला ओलावा शोषणारा भाग), आणि किमान ३० मिनिटं व्हॅक्यूम मारून पंप बंद केल्यावर काटा १५ मिनिटं जागचा हलत नाही याची खात्री. गळती बुजवणारं रसायन टाकू देऊ नका. ते वॉल्व्हमध्येही बसतं आणि गॅरेजचं गॅस काढायचं मशीनही खराब करतं.

आर-१२३४वायएफ गॅसच्या नव्या गाड्यांना हे कपलर बसत नाहीत, ॲडॅप्टर लावून बसवायच्या भरीस पडू नका. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांपासून तर हा सेट दूरच ठेवा: त्यांचा कॉम्प्रेसर उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि त्याला वीज न वाहणारं पीओई तेल लागतं. होजमध्ये उरलेलं, साध्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरमधलं नेहमीचं पॅग तेल त्यात मिसळलं तर इन्सुलेशन कमकुवत होतं.