.२२ पिस्तूल घरी ठेवून रेंजवर न्यायचं की क्लबच्या शस्त्रागारातच ठेवायचं?

शस्त्राच्या लायसन्सचं पुस्तक हातात पडतं, त्यावर .२२ पिस्तूल (०.२२ इंच बोअरचं, काडतुसावर चालणारं) चढतं आणि पहिल्याच आठवड्यात प्रश्न उभा राहतो: हे ठेवायचं कुठे, आणि नेमबाजीच्या रेंजवर न्यायचं कसं? एअर पिस्तूल होतं तोवर हा विचार करावा लागत नव्हता. ०.१७७ इंच बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर पिस्तुलाला आपल्याकडे लायसन्स लागत नाही. पाठीला सॅक अडकवायची, लोकल पकडायची आणि वरळीची रेंज गाठायची. .२२ घेतल्यावर सॅक तीच, रस्ता तोच, पण १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम सोबतीला येतात.

मी अकरा वर्षं २५ मीटर पिस्तूल हा इव्हेंट करते आहे. पहिली चार वर्षं पिस्तूल मुलुंडला घरी होतं, नंतरची सात क्लबच्या शस्त्रागारात. दोन्ही करून पाहिलंय म्हणून लिहिते. मुंबईत राहून नोकरी करणाऱ्याने ते क्लबमध्ये ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. तरीही घरी ठेवण्याच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे आणि तो आधी मांडायला हवा.

तो मुद्दा म्हणजे ड्राय प्रॅक्टिस. काडतूस न घालता रोज अर्धा तास भिंतीसमोर उभं राहायचं, हात उचलायचा, साइट म्हणजे नेम धरायच्या खुणा जुळवायच्या, ट्रिगर दाबायचा. पिस्तुलात गुण वाढतात ते बहुतेक इथेच. घरी .२२ असेल तर हे रात्री दहा वाजता, पोरं झोपल्यावर करता येतं. क्लबमध्ये असेल तर रेंज उघडी असतानाच. माझे पहिल्या चार वर्षांत जे गुण वाढले ते या अर्ध्या तासामुळे, यात मला शंका नाही. शस्त्र क्लबमध्ये गेल्यावर मी घरी एअर पिस्तुलावर ड्राय करायला लागले. पकड आणि उभं राहणं तेच राहतं, पण ट्रिगर वेगळा: एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम, २५ मीटरच्या पिस्तुलाला किमान १,००० ग्रॅम. बोटाला हा फरक लगेच कळतो. त्यामुळे क्लबमध्ये ठेवण्याची किंमत काहीच नाही असं मी म्हणणार नाही. तुम्ही राष्ट्रीय संघाच्या निवडीच्या आसपास असाल, तर ही किंमत मोठी आहे.

आता दुसरी बाजू, म्हणजे रस्ता. त्याआधी लायसन्सचं पुस्तक उघडून ते कुठल्या हद्दीपुरतं आहे ते वाचा. मुंबईत लायसन्स पोलीस आयुक्त देतात. ठाणे, नवी मुंबई, मीरा-भाईंदर-वसई-विरार ही आयुक्तालयं वेगळी. हद्द मुंबईपुरतीच लिहिलेली असेल, तर वरळीच्या रेंजवर जाणं चालेल, पनवेलला किंवा पुण्याच्या बालेवाडीला नाही. ठाण्यात राहून वरळीत सराव करणाऱ्याचा तर रोजचा रस्ताच दोन हद्दींतून जातो. राज्यभराची किंवा देशभराची हद्द हवी असेल तर खेळाडू म्हणून रायफल संघटनेच्या पत्रासह तसा अर्ज करावा लागतो. तो मंजूर होईपर्यंत घरी ठेवायचं की क्लबमध्ये, हा प्रश्न तुमच्यासाठी सुटलेलाच आहे: क्लबमध्येच.

बोअरबद्दलही दोन शब्द. .२२ आणि .३२ प्रतिबंधित नाहीत. ९ मिमी प्रतिबंधित आहे, त्याची परवानगी केंद्रातून येते आणि त्याचा इथे विचार केलेला नाही.

नियमात नेण्याची पद्धत साध्या शब्दांत सांगितली आहे: सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि नेणाऱ्याच्या पक्क्या ताब्यात असलं पाहिजे. मुंबईत अवघड आहे तो ‘ताब्यात’ हा शब्द. मी निघताना काय करते ते सांगते. काडतुसांचं मॅगझिन काढते, स्लाइड म्हणजे वरचा सरकता भाग मागे ओढते, काडतूस बसतं त्या चेंबरमध्ये टॉर्चच्या उजेडात डोळ्यांनी पाहते, मग नळीत नारिंगी सेफ्टी फ्लॅग घालते. तो फ्लॅग रेंजवरचा नियम आहे, पण घरापासूनच घातलेला बरा, कारण केस उघडल्या क्षणी समोरच्याला शस्त्र रिकामं दिसतं. काडतुसं वेगळ्या डब्यात, वेगळ्या कप्प्यात. हार्ड केसला कुलूप. कॅनडात पिस्तूल ‘रिस्ट्रिक्टेड’ वर्गात मोडतं आणि तिथे ते रिकामं करून, ट्रिगर लॉक लावून, आतलं दिसणार नाही अशा कुलूपबंद पेटीतूनच न्यावं लागतं. ट्रिगर लॉकची सवय मी तिथल्या नियमावरून घेतली. आपल्याकडेही ती सगळ्यांनी लावून घ्यावी.

वाहनांचं बोलायचं तर स्वतःची गाडी आणि बाकी सगळं, अशी सरळ विभागणी आहे. गाडीत केस डिकीत, कुलूप लावून, आणि घर ते रेंज कुठेही न थांबता. सी लिंकवरून गेलात तर मध्ये थांबायचा मोहही होत नाही. दुचाकीला ना सी लिंक ना कोस्टल रोड, म्हणजे माहीम-दादरचा रस्ता, प्रत्येक सिग्नलला थांबा आणि पाठीवर पिस्तूल. पडलात तर? माझा सल्ला दुचाकीवर .२२ नेऊ नका असाच आहे. काळी-पिवळी चालते, केस डिकीत न टाकता मांडीवर ठेवायची. अ‍ॅपवरच्या टॅक्सीच्या अटी वाचून घ्या, उबरच्या अटींमध्ये बंदूक सोबत ठेवायला मनाई आहे.

मेट्रोचा मोह होणारच, कारण अ‍ॅक्वा लाइनमुळे वरळीला स्टेशन झालंय. पण मेट्रोत शस्त्र आणि दारूगोळा नेता येत नाही आणि बॅग एक्स-रेमधून जाते. तो पर्याय यादीतून काढून टाका. लोकलने मी .२२ कधीच नेलं नाही. साडेआठच्या फास्टमध्ये बॅग तुमच्या अंगावर राहत नाही. ती रॅकवर जाते, कुणीतरी सरकवतं, दादरला लोंढ्यात तुम्ही एका दारात आणि बॅग दुसरीकडे. याला ताबा म्हणता येत नाही.

घरच्या ड्रायव्हरबरोबर पाठवू का, असंही लोक विचारतात. कायद्यात याला वाट आहे: लायसन्सधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, त्याच्याच वापरासाठी, दुसरा माणूस शस्त्र नेऊ शकतो. समक्ष असेल तर ठीक. चिठ्ठी देऊन ड्रायव्हरला एकट्याला नाक्यावर उभं करणं मला पटत नाही. पोलिसांनी अडवल्यावर उत्तरं त्याला द्यावी लागतात आणि चूक आपली असते.

आता नाक्याची गोष्ट आलीच आहे, तर माझ्या चुकीबद्दल सांगते. घरी ठेवण्याच्या काळात एका रविवारी सकाळी नाकाबंदीत गाडी थांबवली. डिकी उघडायला सांगितली. मी स्वतःहून सांगितलं की केसमध्ये पिस्तूल आहे, रिकामं आहे, लायसन्स आहे. लायसन्स मागितलं तर पर्समध्ये झेरॉक्स निघाली. मूळ पुस्तक कपाटात राहिलं होतं, कारण आदल्या आठवड्यात स्पर्धेच्या अर्जासाठी त्याची प्रत काढून ते बाहेरच ठेवलं होतं. शस्त्र बाळगणाऱ्याकडे लायसन्स मागण्याचा अधिकार पोलिसांना कलम १९ ने दिलेला आहे, तेव्हा हवालदारांचं काहीच चुकलं नव्हतं. नवरा मुलुंडहून पुस्तक घेऊन येईपर्यंत अडीच तास मी रस्त्याच्या कडेला उभी होते, मुलगी मागच्या सीटवर. ती सारखी विचारत होती, ‘आई, आपण काय केलंय?’ लायसन्सच्या अटी किंवा नियम मोडले तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून जड म्हणजे कलम १७ खाली लायसन्सच निलंबित किंवा रद्द होऊ शकतं. खेळाडूच्या दृष्टीने ती खरी शिक्षा. त्या दिवसापासून मूळ पुस्तक केसच्याच आतल्या खिशात असतं आणि केसला कुलूप लावण्याआधी मी त्याला हात लावून खात्री करते.

क्लबमध्ये ठेवल्यावर यातलं बहुतेक सगळं गळून जातं. शस्त्र रेंजच्या आवारातून बाहेरच पडत नाही. नोकरी करणाऱ्यासाठी तर हाच निर्णायक मुद्दा आहे. सकाळी साडेसातला सराव करून लोअर परळला किंवा बीकेसीला ऑफिस गाठायचं असेल, तर पिस्तूल दिवसभर कुठे राहणार? २००८ नंतर ऑफिस, मॉल, हॉटेल, सगळीकडे दाराशी बॅग तपासतात, आणि तपासतात ते बरंच आहे. तळघरातल्या पार्किंगमध्ये आठ तास गाडीत ठेवणं म्हणजे ताबा सोडून देणं. म्हणजे घरी ठेवणारा माणूस सरावानंतर आधी घरी परत जातो, मग ऑफिसला. मुलुंड-वरळी-मुलुंड-लोअर परळ असं किती दिवस करणार? मी सव्वा वर्ष केलं, मग सराव आठवड्यातून चारवरून दोन वर आला.

सणांचे दिवसही मोजा. मिरवणुकीत, जत्रेत किंवा जमावात खास परवानगीशिवाय शस्त्र न्यायचं नाही, ही लायसन्सची अट आहे. अनंत चतुर्दशीला लालबाग-परळमधून रेंजवर जायचा विचारही करू नये. दहीहंडीला तीच गोष्ट. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मुंबईत वेळोवेळी शस्त्रबंदीचे आदेश निघतात, घरातून बाहेर पडण्याआधी ते वाचावे लागतात. निवडणुकीच्या काळात शस्त्रं जमा करायला सांगतात. रायफल संघटनेचे सदस्य असलेल्या खेळाडूंना त्यातून सवलत आहे, पण कागद पोलीस ठाण्यात वेळेवर नेऊन द्यायचं काम तुमचंच.

घरी ठेवणाऱ्याला आणखी एक अडचण येते, ती कुणी आधी सांगत नाही. गणपतीला आठ दिवस कोकणात गेलात तर पिस्तूल कुणाच्या भरवशावर? सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली, भाड्याच्या घरात राहायला गेलात, तर पत्ताबदल कळवायचा, नवीन कपाटाची सोय बघायची. अशा वेळी परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे सुरक्षित ठेवीत शस्त्र देता येतं, पावती घेऊन. दीर्घ सुट्टीसाठी हा चांगला मार्ग आहे, पण रोजच्या सरावाला त्याचा उपयोग नाही.

क्लबच्या बाजूला उणीव नाही असं नाही. मुंबईची दमट हवा, त्यात वरळीसारखी समुद्राकाठची जागा. पहिल्या पावसाळ्यात मी जुलैमध्ये तीन आठवडे रेंजवर गेले नाही. परत येऊन केस उघडली, तर जिथे स्पंज धातूला चिकटलेला होता तिथे स्लाइडवर तांबूस ठिपक्यांची रांग. स्पंज ओल धरून ठेवतो. आता मी पिस्तूल तेल लावून सुती कापडात गुंडाळते, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकते आणि दर पंधरा दिवसांनी बदलते. घरी हे रोज नजरेखाली असतं, क्लबमध्ये आठवण ठेवून करावं लागतं. शस्त्र ठेवण्याआधी क्लबला हेही विचारा: किल्ली किती जणांकडे असते, काढताना-ठेवताना रजिस्टरवर वेळ आणि सही होते का, काडतुसं वेगळ्या कपाटात असतात का, आणि शस्त्र ठेवल्याचा कागद तुम्हाला मिळतो का. कागद देत नसतील तर तिथे ठेवू नका, मग घरचं कुलूपबंद पोलादी कपाटच बरं.

आता कुणी काय निवडावं. निवृत्त आहात, स्वतःची गाडी आहे, घरात लहान मुलं नाहीत आणि रेंज वीस मिनिटांवर आहे, तर घरी ठेवा, ड्राय प्रॅक्टिसचा फायदा घ्या. कॉलेजात असाल, लोकलने येत असाल, तर क्लबशिवाय पर्याय नाही. नेमबाज अंजली भागवत कीर्ती कॉलेजच्या एनसीसीतून या खेळात आल्या आणि वरळीच्या रेंजवर घडल्या. या शहरात कितीतरी नेमबाज असेच तयार होतात, त्यामुळे कॉलेजवयात शस्त्र घरी नसण्याचं ओझं मानू नका. नोकरदार आई-बापांना मी क्लब आणि घरी एअर पिस्तूल, हाच जोड सुचवेन. आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीच्या दोन महिन्यांत, हद्द आणि गाडी दोन्ही जुळत असतील, तर शस्त्र घरी आणायला हरकत नाही. मी स्वतः तसं करते आणि स्पर्धा संपली की परत शस्त्रागारात ठेवते.

स्पर्धेला दिल्लीला किंवा भोपाळला विमानाने गेलात, तर घर आणि क्लब हा फरक उरत नाही. शस्त्र रिकामं करून, जाहीर करून चेक-इन सामानात द्यायचं. काडतुसं वेगळी, पेटीत बांधलेली, माणशी वेष्टनासह पाच किलोपर्यंत. विमान कंपनीला आधी कळवून त्यांची परवानगी हातात ठेवायची आणि एरवीपेक्षा दोन तास लवकर पोहोचायचं. सोबत एअर पिस्तूल असेल तर त्याचा हवेचा सिलिंडर आधी रिकामा करा. काउंटरवर गेजचा काटा शून्यावर आहे का ते बघतात.