'शून्यातून सिबिल स्कोअर बनवून देतो' म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

माझ्यावर कधीच कर्ज नव्हतं, क्रेडिट कार्ड पण नव्हतं, त्यामुळे सिबिलच्या रिपोर्टमध्ये, म्हणजे कर्ज कसं फेडलं याच्या नोंदीत, स्कोअरच्या जागी एनएच, म्हणजे नो हिस्टरी. बँकेत लोन मागायला गेले तर म्हणे मॅडम तुमची हिस्टरीच नाही. अरे पण हिस्टरी व्हायला आधी कुणीतरी लोन द्यायला नको का? इतकी वर्षं घरभाडं, लाइट बिल सगळं वेळच्या वेळी भरलंय, ते कुठेच धरत नाहीत आणि हे मला आजही अन्यायाचंच वाटतं.

असे अडलेले लोक कुठे सापडतात ते या भामट्यांना बरोबर माहिती असतं. फोन आला, बोलणं एकदम गोड, ताई ताई करत. शून्यातून स्कोअर तयार करून देतो, आधी थोडी फी, मग पॅन आणि स्कोअर चेक करायला एक ओटीपी. थोड्या वेळाने माझ्या खात्यात 20 हजार जमा आणि लगेच त्याचा फोन, ताई हे आमच्या कंपनीचे पैसे आहेत, या यूपीआयवर परत पाठवा, हप्ते आम्ही भरू आणि तुमची हिस्टरी तयार होईल. पहिला हप्ता खरंच भरला त्यांनी, म्हणून संशय आला नाही, आणि नंतर नंबर कायमचा बंद.

ते पैसे म्हणजे माझ्याच नावावर काढलेलं ॲप लोन होतं. हे कळलं ते वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले तेव्हा. रिपोर्ट काढला तर एन्क्वायरीच्या भागात, म्हणजे कर्जाच्या अर्जावरून कुणी कुणी रिपोर्ट तपासला त्या यादीत, एकाच दिवशी वेगवेगळ्या कंपन्यांची नावं एकाखाली एक, सगळीकडे पर्सनल लोन, म्हणजे त्याने जिथे जिथे जमेल तिथे अर्ज टाकले होते. आयुष्यातला पहिला स्कोअर तयार झाला आणि तोही थकबाकीसकट!

सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार केली, सायबर पोर्टलवर पण टाकली. लोन कंपनीचं उत्तर एकच, ओटीपी तुमचा, पैसे तुमच्या खात्यात आले, तर कर्ज तुमचंच. वसुलीवाला म्हणाला अर्ध्यात सेटलमेंट करून टाका. ते मी केलं नाही आणि तुम्हीही शक्यतो करू नका, कारण मग रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शेरा लागतो आणि पुढची बँक ते बघून दारातूनच परत पाठवते. पूर्ण भरून एनओसी, म्हणजे काही बाकी नाही असं कंपनीचं पत्र, घेतलं.

एक गोष्ट नीट समजून घ्या, पैसे घेऊन स्कोअर वाढवणं कुणाच्याच हातात नाही. बँक किंवा फायनान्स कंपनी जी माहिती पाठवते त्यावरच तो निघतो, 300 ते 900 मध्ये. माहिती चुकीची असेल तर ब्युरोच्या, म्हणजे रिपोर्ट बनवणाऱ्या सिबिलसारख्या कंपनीच्या, साइटवर स्वतः डिस्प्यूट टाकता येतो, फुकट, एजंट लागत नाही, आणि 30 दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दिवसाला 100 रुपये भरपाई आहे. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही ठिकाणी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, आणि स्वतःचा स्कोअर बघितल्याने तो कमी होत नाही, तो कमी होईल अशी भीती घालूनच हे लोक ओटीपी मागतात.

शून्यातून सुरुवात करायची तर एफडीवर क्रेडिट कार्ड मिळतं, त्याला हिस्टरी लागत नाही कारण बँकेकडे तुमचे पैसे तारण असतात. लिमिटच्या 30 टक्क्यांच्या आत खर्च ठेवायचा आणि बिल पूर्ण भरायचं, मिनिमम ड्यू नाही. मी आता तेच करतेय. थकलेले हप्ते मात्र रिपोर्टवर अजून दिसतातच, लोन बंद झालं तरी ते लगेच पुसले जात नाहीत. कुणाला असा फोन येऊन गेला असेल आणि ओटीपी दिला गेला असेल तर आजच रिपोर्ट काढून आधी एन्क्वायरीचा भाग बघा, अनोळखी नाव दिसलं की त्या कंपनीला लगेच लेखी कळवा, पैसे खात्यात आले असतील तर ते कुणालाही पाठवू नका, थेट कंपनीलाच परत करून लोन बंद करून घ्या.